आठवा

शनिवारी दुपारी लेक जिममधून आली, बूट दारात भिरकावले (जपानने तिला बूट काढायला शिकवलं, नीट ठेवायला अजून नाही) आणि पिशवीतून एक जाड कागद काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला. कागदाला सोनेरी वेलबुट्टीची कड, वर समोरासमोर दोन फिनिक्स पक्षी, मधे उभ्या ओळींत तिचं नाव, खाली लाल चौकोनी शिक्का. आणि नावाशेजारी, कुणाच्याही नजरेतून सुटू नये इतक्या ठसठशीत अक्षरांत: आठवा क्रमांक.

"किती जणी होतात?" मी विचारलं.

"अकरा."

मी काही बोलले नाही. संध्याकाळी ठाण्याला व्हिडिओ कॉल लावला तेव्हा तिने तो कागद कॅमेऱ्यासमोर धरला. आई चष्मा वरखाली करत बराच वेळ बघत राहिली. "छानच आहे गं. लग्नपत्रिकेसारखा. काय लिहिलंय?" लेकीने सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग आई म्हणाली, "आठव्या नंबरालापण देतात? आमच्याकडे तिसरीनंतर पेढासुद्धा मिळत नसे."

मागून बाबांचा आवाज आला, "अगं, सात सूर झाले की आठवा म्हणजे परत सा. वरचा." बाबा आता पेटी वाजवत नाहीत, पण सगळे हिशेब अजून पेटीवरच करतात. लेकीला त्यातलं अवाक्षर कळलं नाही. आजोबा आपल्या पार्टीत आहेत, एवढं कळलं.

आम्ही टोकियोत निशी-कासाईला राहतो. इथे मराठी माणसांची अशी दाटी आहे की सुपरमार्केटात भाजीचे भाव बघून पुटपुटताना आवाज जरा जपून ठेवावा लागतो. लेक गेली चार वर्षं जवळच्या जिममध्ये शिनताइसो शिकते. शिनताइसो म्हणजे रिदमिक जिम्नॅस्टिक्स. शब्दशः 'नवी कसरत'. दोर, रिंग, चेंडू, मुद्गलासारखे क्लब आणि रिबिन. मी स्वतः शाळेत लेझीम सोडून काही केलेलं नाही, त्यामुळे या खेळातलं मला जे थोडंफार कळतं ते जिमच्या बाकावर बसून आणि रात्री लेक झोपल्यावर जुने व्हिडिओ बघून.

त्या व्हिडिओंमधूनच मला यामासाकीबाई भेटल्या.

हिरोको यामासाकी. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जपानकडून खेळल्या आणि आठव्या आल्या. त्यांच्याबद्दल जपानीत काहीही वाचायला घेतलं तरी पहिल्या दोन ओळींत हा आठवा क्रमांक येतोच, आणि त्याच्या मागे एक शब्द हमखास असतो: न्यूशो. म्हणजे बक्षिसाच्या यादीत येणं. सुरुवातीला मला वाटायचं, पदक मिळालं असेल. मग लक्षात आलं की पहिल्या आठांत येणं म्हणजेच न्यूशो. पदक नसलं तरी बातमी होते, गावात स्वागत होतं, पुढे चाळीस वर्षं नावामागे ते लागलेलं राहतं. त्यात आठ हा आकडा इथे शुभ. जपानीत आठ लिहायचे म्हणजे वर जवळ आणि खाली फाकलेल्या दोनच रेघा, अर्धवट उघडलेल्या पंख्यासारख्या. शेवटाकडे रुंदावत जाणारं, असं त्याचं कौतुक आहे.

हे नुसतं जपानी कौतुक नाही. ऑलिंपिकमध्येही पहिल्या आठांना प्रशस्तिपत्रक मिळतं. पूर्वी ते सहाव्यापर्यंतच थांबायचं. सातव्या आणि आठव्यालाही द्यायचं, हे १९८१ मध्ये ठरलं. म्हणजे उन्हाळी ऑलिंपिकपुरतं बोलायचं तर आठव्याला कागद मिळाला तो पहिल्यांदा लॉस एंजेलिसला. रिदमिक जिम्नॅस्टिक्सही ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं ते तिथेच. चार वर्षं आधी हा खेळ तिथे नव्हता, आणि असता तरी आठवीला कुणी कागद दिला नसता. बाईंचं टायमिंग अचूक म्हणायचं.

आपल्याकडे १९८४ म्हटलं की एकच गोष्ट निघते. पी. टी. उषा, चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत, ८ ऑगस्ट, एक शतांश सेकंद. मी तेव्हा सहा वर्षांची होते, मला काहीच आठवत नाही, पण बाबांनी ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली आहे की ५५.४२ हा आकडा मला आमच्या ठाण्याच्या घराच्या पिनकोडसारखा पाठ आहे. ती गोष्ट सांगताना बाबा नेहमी शेवटी छाती पुढे काढून दाखवायचे. असं केलं असतं ना, तर! त्यांच्या चाळीस वर्षांच्या हळहळीत उषाने काय मिळवलं हे कधी आलंच नाही. काय हुकलं तेवढंच आलं. त्याच आठवड्यात, त्याच शहरात, एक जपानी मुलगी तिच्यापेक्षा चार पायऱ्या खाली राहिली आणि तिचा देश म्हणाला, न्यूशो! उषा चौथी येऊन आमच्या घरात कायमची हरलेली, आणि ही आठवी येऊन तिच्या गावात जिंकलेली. दोन्ही खेळ वेगळे, दोन्ही देशांच्या पदकांच्या थाळ्याही वेगळ्या. ज्याच्या घरी रोज पंचपक्वान्नं त्याला आठव्या लाडवाचंही कौतुक परवडतं, हे मला कळतं. तरी बोचतं.

बाई मूळच्या तानेगाशिमा बेटाच्या. जपानच्या दक्षिणेला असलेलं हे लांबट बेट दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. आज तिथून जपानचे अग्निबाण सुटतात. आणि १५४३ मध्ये तिथे पोर्तुगीज उतरले, त्यांच्या हातात तोड्याच्या बंदुका होत्या. जपान्यांनी त्या उघडून बघितल्या, तशाच बनवल्या आणि त्या बंदुकीला बेटाचंच नाव दिलं. शस्त्रांचे अभ्यासक सांगतात की त्या बंदुकांची घडण गोव्यात बनणाऱ्या बंदुकांची होती. हे वाचलं तेव्हा मला उगाचच बाईंशी नातं जुळल्यासारखं झालं. माझं आजोळ पेडण्याचं. आमच्याकडून तिकडे बंदुका गेल्या, तिकडून आमच्याकडे काय आलं याचा शोध चालू आहे.

१९६० च्या जानेवारीत जन्मलेली ही मुलगी शिक्षणासाठी समुद्र ओलांडून कागोशिमाला गेली आणि रिदमिक जिम्नॅस्टिक्सला सुरुवात केली ती तिथे, हायस्कूलमध्ये. हायस्कूलमध्ये! आज आमच्या जिममध्ये चार वर्षांच्या मुलींची तुकडी आहे, आणि माझी लेक सातव्या वर्षी आली तेव्हा प्रशिक्षक बाईंनी अगदी गोड आवाजात 'थोडा उशीर झालाय' असं सुचवलं होतं. पंधरा-सोळाव्या वर्षी रिंग हातात घेऊन ऑलिंपिकपर्यंत जाणं आता कुणाला शक्य नाही. तेव्हा शक्य होतं, कारण खेळच पोरवयाचा होता. नियम नवे होते, देशातली स्पर्धा कमी होती, शरीर इतक्या लहानपणी वाकवून ठेवण्याची रीत सगळीकडे पसरलेली नव्हती. हे सांगून मी बाईंचं श्रेय कमी करत नाही. पुढे त्या टोकियोच्या महिला शारीरिक शिक्षण महाविद्यालयात गेल्या आणि अखिल जपान स्पर्धा सलग पाच वर्षं जिंकल्या. त्यांच्यानंतर एरिका आकियामाने तीच स्पर्धा सलग सहा वर्षं जिंकली, हाही एक जपानी प्रकार: आधीच्या बाईंनी लिहून ठेवलेलं निमूट पुसायचं, एक मात्रा वाढवून.

आता लॉस एंजेलिसबद्दल खरं ते सांगायला हवं. सोव्हिएत संघ आणि त्याच्या बाजूच्या देशांनी त्या ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला होता. बाकीच्या खेळांत त्याने फरक पडला. रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये जवळपास सगळी पंगतच उठून गेली. हा खेळ म्हणजे तेव्हा बल्गेरिया आणि सोव्हिएत. त्या दोघी घरी बसल्या. सुवर्ण मिळालं कॅनडाच्या लोरी फंगला, रौप्य रुमानियाला (त्यांनी बहिष्कार झुगारला होता), कांस्य पश्चिम जर्मनीला. मग सगळे आले असते तर यामासाकी कितव्या आल्या असत्या? पंधराव्या? विसाव्या? आमच्या घरात हा प्रश्न नवऱ्याने विचारला. तो संगणकवाला आहे, त्याला गृहीतकं आवडतात. मी म्हटलं, मग लोरी फंगलाही विचार. ती आजही ऑलिंपिक विजेती आहे. जे आले त्यांच्यात नंबर लागतात. न आलेल्यांचा हिशेब करायचा तर माझ्या लेकीच्या स्पर्धेत त्या दिवशी दोघी तापाने आजारी होत्या, तिला दहावी करून टाक.

तो गप्प बसला. पण प्रश्न राहिलाच, आणि मला वाटतं तो बाईंच्याही मनात राहिला असावा. कारण पुढच्या आयुष्यात त्यांनी जे केलं ते 'सगळे आले असताना' जपान कितवा येतो, हे बघण्यासाठीच केल्यासारखं दिसतं.

ते सांगण्याआधी जरा रिबिनीबद्दल.

टीव्हीवर रिबिन बघताना वाटतं, किती हलकं, किती सोपं, साडीचा पदर वाऱ्यावर सोडावा तसं. मोठ्यांची रिबिन सहा मीटर लांब असते, लेकीची पाच. आमच्या बैठकीच्या खोलीची लांबी तीन मीटर सत्तर. त्यामुळे घरी सराव होत नाही, घरी होते ती सेवा. स्पर्धेच्या आदल्या रात्री रिबिनीला इस्त्री करायची. मंद आचेवर, मधे सुती फडकं ठेवून, चुणी न पडू देता. मग ती गुंडाळायची. पैठणीची घडी घालताना आई जसा श्वास धरते तसा श्वास धरून. जूनमध्ये पावसाळी दमट हवेत रिबिन जड होते, ओल्या टॉवेलसारखी लोळते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत उलट अंगाला चिकटते. आणि गाठ. खेळता खेळता रिबिनीला गाठ पडली तर संगीत थांबत नाही. उभं राहून ती सोडवायची, किंवा गाठीसकट पुढे जायचं. एकदा लेकीच्या पुढे असलेल्या मुलीला मी गाठ सोडवताना पाहिलं. नऊ-दहा वर्षांची पोर, चेहऱ्यावर स्पर्धेचं हसू तसंच चिकटवलेलं, बोटं मात्र थरथरत होती. मोजून अकरा सेकंद लागले तिला. सबंध हॉलमधल्या आयांनी ते अकरा सेकंद आपल्याच बोटांनी सोडवले.

दुसरी सेवा खड्यांची. स्पर्धेचा लिओटार्ड म्हणजे आपल्या लावणीच्या शालूचा धाकटा भाऊ. चमकल्याशिवाय त्याला किंमत नाही. नवा घ्यायचा तर खिसा रिकामा, म्हणून आम्ही वरच्या वर्गातल्या मुलीचा जुना घेतला आणि त्यावर खडे चिकटवायला बसलो. बारीक चिमटा, टूथपिकच्या टोकावर गोंदाचा थेंब, एकेक खडा. सलग तीन रात्री. रात्री दीड वाजता पाठ मोडून आली तेव्हा मला माझी आई आठवली. स्नेहसंमेलनात मी कोळीण झाले होते तेव्हा परकरावर टिकल्या टाचत बसलेली. मधे चाळीस वर्षं आणि एक समुद्र, काम तेच.

जगातल्या किती मुलींच्या हातातली रिबिन, क्लब, चेंडू जपानी कंपन्यांनी बनवलेली असतात हे मला इथे येऊन कळलं. सासाकी आणि चाकॉट ही दोन नावं या खेळात आपल्याकडच्या बॅटवाल्यांच्या नावांइतकी सर्रास. साहित्य जपानचं, पदकं दुसऱ्यांची, असं अनेक वर्षं चाललं होतं.

तर यामासाकीबाई. लॉस एंजेलिसनंतर त्या स्पर्धेतून बाहेर पडल्या, शिकवायला लागल्या, टीव्हीवर दिसायला लागल्या. नव्वदीच्या सुरुवातीला त्यांच्या खासगी आयुष्याची इथल्या वाहिन्यांनी आणि साप्ताहिकांनी भर चौकात उकलून मांडणी केली. ते मी वाचलं, आणि इथे लिहिणार नाही. मग २००४ उजाडलं. चार वर्षांपूर्वी सिडनीत जपानचा संघ समूह प्रकारात पाचवा आला होता. अथेन्सला तो पोचलाच नाही, पात्रताच हुकली. आणि संघ उभा करायचं काम यामासाकींकडे आलं.

समूह प्रकार म्हणजे तेरा मीटर लांबी-रुंदीच्या गालिच्यावर पाच मुली, अडीच मिनिटं. फेकलेला चेंडू बहुतेक वेळा आपल्या हातात परत येत नाही, तो दुसरीने झेलायचा असतो. आणि आपण तिसरीचा झेलायचा असतो, तोही पाठीमागून, न बघता. एकीचा पाय दोन इंच चुकला की पाचही जणींचे गुण जातात. बाईंनी देशभरातून मुली चाचणी घेऊन निवडल्या, एकत्र ठेवल्या, एकत्र जेवू-झोपू घातल्या. पोला या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने पाठबळ दिलं, संघाचं नावच फेअरी जपान पोला झालं, मेकअप कसा करायचा हेही शिकवणीत आलं. मग वर्षातले कित्येक महिने सेंट पीटर्सबर्ग, रशियन प्रशिक्षक इन्ना बिस्त्रोवा. ज्या लोकांच्या गैरहजेरीत आपण आठव्या आलो, त्यांच्याच घरी मुली नेऊन ठेवायच्या. मला यात एक खास तानेगाशिमा-बाणा दिसतो. बंदूक दुसऱ्याची, पण उघडून बघितल्याशिवाय राहायचं नाही.

मला हे सगळं निर्भेळ आवडतं असं नाही. चाचणीत उंची बघत, हातापायांची लांबी बघत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुली घरापासून, शाळेपासून दूर. आईच्या नजरेने बघितलं की पोटात गोळा येतो. लेक एकदा म्हणाली होती, मला फेअरी व्हायचंय. मी म्हटलं, आधी बूट नीट ठेव. ती विसरली असेल. मी विसरलेले नाही.

निकाल काय लागले? बीजिंग २००८, दहावा. लंडन २०१२, सातवा. रिओ २०१६, आठवा. अंतिम फेरीत आठच संघ असतात, तेव्हा हा आठवा म्हणजे शेवटला. न्यूशो तरीही. (त्याच रिओत आपली सातारची ललिता बाबर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावून दहावी आली होती. ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत धावलेली भारतीय स्त्री, उषानंतर पहिलीच. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यावर एक ओळ आली नव्हती. मी तेव्हा ठाण्यातच होते. मीही टाकली नव्हती.)

जागतिक स्पर्धांत मात्र चित्र पालटत होतं. २०१५, श्टुटगार्ट: पाच रिबिनींच्या प्रकारात कांस्य, चाळीस वर्षांनंतरचं पदक. रिबिन! इतक्या दिवसांत मला एक रिबिन जपता येत नाही, त्यांनी पाच एकाच वेळी हवेत ठेवल्या. २०१७, पेझारो: समूहाला सर्वसाधारण (म्हणजे सगळे प्रकार मिळून) कांस्य, आणि काहो मिनागावाला रिंगमध्ये वैयक्तिक कांस्य, बेचाळीस वर्षांनंतर. मागचं पदक १९७५ च्या माद्रिदचं होतं, आणि गंमत बघा, तिथेही पूर्व युरोपातले बलाढ्य संघ आले नव्हते. पेझारोला सगळे आले होते. चारही साधनांची सुवर्णं रशियाच्या आवेरिना जुळ्या बहिणींनी आपसात वाटून घेतली, आणि त्या गर्दीत मिनागावा तिसरी. मला ही मुलगी फार आवडते. ती आणि साकुरा हायाकावा, दोघींना लहान वयात रशियाला पाठवलं होतं. रिओची वैयक्तिक जागा एकच, ती मिनागावाला मिळाली. टोकियोला, घरच्या ऑलिंपिकला, मिनागावाचाही नंबर लागला नाही. सुमिरे किता आणि चिसाकी ओइवा गेल्या. पदक जिंकून आणणारीला आपल्याच अंगणातल्या मांडवात जागा नाही. तिची ती रिंग मी अजून अधूनमधून लावते. शेवटच्या झेलानंतर तिचा चेहरा बघण्यासारखा आहे. मुखवटा गळून खालची मुलगी दिसते, एकच क्षण.

२०१९, बाकू. पाच चेंडूंच्या प्रकारात जपान पहिला. जागतिक स्पर्धेतलं जपानचं पहिलं सुवर्ण. सर्वसाधारणमध्ये रौप्य, बल्गेरियाच्या पुढे, फक्त रशियाच्या मागे. सगळे हजर असताना. बाईंना त्या दिवशी काय वाटलं असेल ते मला सांगता येणार नाही, पण आमच्या घरातल्या गृहीतकवाल्या माणसाला मी तो निकाल दोनदा वाचून दाखवला.

मग टोकियो. आमच्या घरापासून आरिआकेचं जिम्नॅस्टिक्स सेंटर फार लांब नाही. लाकडी छताची ती इमारत बांधली जाताना आम्ही पाहिली होती. लॉटरीत तिकिटं लागली होती, मग साथ आली, वर्ष पुढे ढकललं, आणि शेवटी प्रेक्षकांविना खेळायचं ठरलं. तिकिटांचे पैसे परत आले. ८ ऑगस्ट २०२१. उषाच्या शर्यतीला बरोबर सदतीस वर्षं. सकाळी आम्ही तिघं टीव्हीसमोर, लेक तेव्हा सात वर्षांची, जिममध्ये घालून दोनच महिने झालेले. कॅमेरा फिरला की लाकडी छताखाली रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा दिसायच्या, आणि चेंडू हातात पडल्याचा बारीक आवाजही ऐकू यायचा, जो भरल्या हॉलमध्ये कधी ऐकू आला नसता. दोन वर्षांपूर्वी जगात दुसऱ्या आलेल्या मुली. आठव्या महिन्याची आठ तारीख, आठ संघ. बल्गेरिया पहिला आला. २००० पासून हे सुवर्ण रशियाने कुणाला दिलं नव्हतं.

जपान आठवा.

समालोचकाने न्यूशो हा शब्द उच्चारला. पण या वेळी तो शब्द नेहमीसारखा वाजला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तो शब्द ऐकून बाबांची छाती पुढे काढलेली आठवली. म्हणजे जपानी माणसालाही हळहळता येतं. आठावर समाधान मानायचं ते वर पोचलो नव्हतो तेव्हा. एकदा वर जाऊन आलं की आठवा म्हणजे घसरगुंडीच. मुलींनी वाकून नमस्कार केला, रिकाम्या खुर्च्यांना. एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून त्या बाहेर गेल्या. लेकीने विचारलं, "आई, यांना पण कागद मिळेल का?" तेव्हा ती कागद म्हणजे काय समजत होती कोण जाणे. मी म्हटलं, मिळेल.

त्यानंतर यामासाकी बाजूला झाल्या. सूत्रं युकारी मुराताकडे आली. ही सिडनीला समूहात आणि अथेन्सला वैयक्तिक खेळलेली. २०२४ च्या पॅरिसला जपानचा समूह पात्रच ठरला नाही. म्हणजे पुन्हा अथेन्स. वीस वर्षांनी गाडी फिरून त्याच फलाटावर. इथल्या वर्तमानपत्रात त्यावर छोटी चौकट होती, आणि मी मनातल्या मनात प्रकरण मिटवून टाकलं.

ऑगस्ट २०२५, रविवार. सकाळी चहाचं आधण ठेवून फोन उघडला तर जपान पहिला. समूह, सर्वसाधारण, जागतिक विजेते; इतिहासात पहिल्यांदा. ब्राझील दुसरा, स्पेन तिसरा. आणि स्पर्धेचं गाव? रिओ. नऊ वर्षांपूर्वी जिथे शेवटल्या आल्या होत्या तेच. घरच्या ब्राझीलच्या मुलींना रिओतल्या गर्दीने डोक्यावर घेतलं होतं, आणि त्या कल्लोळात जपानच्या पाच पोरी काही न पाडता खेळून गेल्या. चहा उतू गेला. रशियाचा संघ या स्पर्धेत नव्हता, हे नवऱ्याने आंघोळीहून आल्यावर निदर्शनास आणून दिलं. मी त्याला टॉवेल फेकून मारला. त्याने तो झेलला, न बघता, हे मान्य करायला हवं.

यामासाकीबाईंनी ती बातमी कुठे बसून बघितली असेल, असा विचार मी पुष्कळ केला. पासष्टाव्या वर्षी, बाहेरून. कुठल्याही यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्यांच्या नावामागे आजही आठवाच आहे.

तर तो कागद. लेकीने तो फ्रिजवर चुंबकाने लावला, मग काढला, मग फाइलमध्ये ठेवला, मग परत लावला. मी ठाण्याला त्याचा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला, आवाजात नेहमीपेक्षा जरा जास्त उत्साह.

"अगं, मी आमच्या भिशीच्या ग्रुपवर टाकलं. 'नात जपानमध्ये आठवी आली' म्हणून. काय अभिनंदनं आली म्हणून सांगू! तेवीस जणींनी अंगठे दिले, दोघींनी पुष्पगुच्छ."

"बरं झालं ना मग."

"पण वरच्या मजल्यावरच्या काकू विचारतायत, आता नववीला तिकडचंच बोर्ड घेणार का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, हो."